दोन किलो पुढे

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. दुकानातला नव्हे, भंगारवाल्याचाही नव्हे. ज्याच्यावर माणूस स्वतः उभा राहतो तो घरगुती काटा. पोटात स्प्रिंग, काचेखाली सुई, वर हिरवं रबर. पनवेलच्या मोहल्ल्यात, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात, भिंतीलगत, ही माझी जागा. या घरात आता तीन माणसं आहेत. मी अजून चार धरतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका माणसाने माझ्यावर लोखंडी वजन ठेवलं, आकडा पाहिला, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं, एवढंच आठवतं. ती माझी पहिली आणि शेवटची परीक्षा. तिच्यात मी पास झालो. पुढे ज्यांनी ज्यांनी माझ्यावर पाय ठेवला, त्यांनी मला नापासच केलं.

मला कुवेतच्या बाजारातून आणलं इक्बालने. तो तिथे एका गोदामात काम करतो आणि वर्ष-दीड वर्षाने सुट्टीवर घरी येतो. मी आलो बॅगेतून आणि काम मिळालं तेही बॅगांचंच. परत जाताना इक्बाल बॅग कवेत घेऊन माझ्यावर उभा राही, मग बॅगेशिवाय उभा राही, आणि त्याची बायको हव्वाबी वजाबाकी करी. बॅगेत तांदळाचं पीठ, मसाला, सोडे, सुकट, लोणच्याची बरणी. "बॅग बरोबर आहे," हव्वाबी म्हणायची. "पोट जास्त झालंय. ते इथेच ठेवून जा."

माणसांची गंमत मला खूप पाहायला मिळाली. माझ्यावर चढताना ती श्वास आत ओढतात, जसं काही श्वासाला वजन आहे. बांगड्या काढून ठेवतात. आकडा कमी आला तर स्वतःचं कौतुक, जास्त आला तर माझी खोड. करंजाड्याहून मासे घेऊन येणारी गोदू तर डोक्यावरची टोपली न उतरवताच चढायची आणि सुई पाहून म्हणायची, "भाभी, ह्यो काटा खोटारडा हाय. यातली मासली वजा कर, टोपली वजा कर, नि आमी सकाली च्या पिली ती पन वजा कर."

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. माझ्या पोटाखाली एक छोटं चाक आहे. ते फिरवलं की सुई पुढे-मागे सरकते. शून्य जुळवायला म्हणून ते दिलेलं असतं. हव्वाबीने त्याला वेगळंच काम लावलं. एकदा विमानतळावर बॅग जड भरली आणि इक्बालला सगळ्या रांगेसमोर ती उघडून सुकट बाहेर काढावी लागली. मागच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. तेव्हापासून तो निघायच्या आठवड्यात हव्वाबी चाक फिरवून मला दोन किलो पुढे करून ठेवू लागली. काही घरांत घड्याळ पुढे ठेवतात ना, तसंच. तो गेला की ती मला परत मागे आणायची. त्यामुळे घरात कोणीही माझ्यावर चढायच्या आधी विचारायचं, "काटा अब्बांचा आहे की आपला?" अब्बांचा म्हणजे दोन किलो पुढे. आपला म्हणजे खरा.

विचारावं लागायचं, कारण नुसतं बघून ते कळत नसे. त्याला जबाबदार शबनम. नमाजाआधी वजू करून, म्हणजे हातपाय धुऊन आली की ओल्या पायांनीच माझ्यावर उभी राहायची. ते पाणी काचेखाली शिरलं आणि शून्याजवळचे आकडे उडून गेले.

शबनम इक्बालची थोरली मुलगी, अकरावीत. धाकटी रुमाना नववीत. दोघींचा हिशेब कधी फिटला नाही. खिरीवरची साय कोणी खाल्ली, अब्बांचा फोन आधी कोणी उचलला, खिडकीकडची उशी कोणाची; या कानाची खबर त्या कानाला नसेल, पण बहिणीच्या ताटात काय पडलं याची खबर दोघींना असायची. मी तर त्यांचा आखाडाच.

"आपा, काट्यावर एका वेळी एकाच माणसाने चढायचं असतं. तू दोन आहेस," रुमाना म्हणायची.

"आणि तू चढलीस की काट्याला वाटतं मांजर बसलं," शबनम म्हणायची.

तरी खाडीकडचे दिवे गेले की दोघी एकाच पांघरुणात शिरायच्या, हेही लिहून ठेवायला हवं. जमा नोंदवली नाही तर खर्चाला अर्थ नाही.

गेल्या सुट्टीत इक्बालने एक चूक केली. उरणच्या खालाच्या, म्हणजे पोरींच्या मावशीच्या मुलीची शादी ईदनंतर ठरली होती, म्हणून त्याने मोरपंखी रंगाचा, जरीचा शरारा आणला. एकच. "दुकानात एकच उरला होता," तो म्हणाला. घरात दोन पोरी आणि कपडा एक. इतकी वर्षं परदेशात राहिलं की माणूस असलं काही विसरतो.

"आता काय, मधोमध कापू?" हव्वाबीने विचारलं.

शरारा रुमानाला चपखल बसला. शबनमला चेन अर्ध्यावरच अडली. ती रडली नाही, ओढणी उलटसुलट पाहत म्हणाली, "शादीला वेळ आहे. तोवर मलाही बसेल."

"बघूच," रुमाना म्हणाली.

हव्वाबीने न्याय दिला, "शादीच्या आठवड्यात जिला नीट बसेल, तिचा." न्याय देऊन ती भाकऱ्या थापायला गेली. इक्बालही कुवेतला गेला. घरात पाहुणे होते, त्या गडबडीत मला मागे आणायचं राहून गेलं. मी अब्बांचाच राहिलो. मला हे माहीत होतं, पण मला कोण विचारतो?

शबनमने भाकरी कमी केली. रोज संध्याकाळी ओल्या पायांनी माझ्यावर यायची. आधी सुई जागची हलेना. मग हलली, आणि हलू लागली ती थांबेचना. मित्रांनो, मी खूप माणसांचे उपास पाहिले आहेत. उपासाने माणूस जिना उतरल्यासारखा उतरतो, पायरीपायरीने. शबनम उतारावरून घरंगळल्यासारखी उतरत होती. तिला मात्र आनंद झाला. बोळातून ओरडत गेली, "अम्मी, बघ तर! रुमाना, शराऱ्याला हात लावू नकोस, माझा आहे तो."

रुमाना दारात उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता. तिने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"उगाच नाचू नकोस, आपा," ती म्हणाली. "काटा मी मागे केलाय. जरा जास्तच मागे गेला. ते किलो तुझे नाहीत, काट्याचे आहेत."

"खोटं."

"अम्मी विसरली होती, म्हणून मी केला. जा, विचार."

हव्वाबी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं हो, माझ्याकडून राहिलंच होतं ते." तिला वाटलं, पोरीने बरं केलं.

रुमानाने माझ्या चाकाला बोटही लावलं नव्हतं.

शबनम माझ्यावरून उतरली. "खोट्या काट्यावर कशाला उभी राहू," म्हणाली, आणि त्यानंतर ती माझ्यावर कधीच चढली नाही. रुमानाही चढेना, चढली असती तर तिचं स्वतःचं वजन जसंच्या तसं दिसलं असतं आणि लबाडी उघडी पडली असती. तांदळाची पाच किलोची बंद पिशवी फळीवर होती. ती कोणी माझ्यावर ठेवली असती तरी खरं-खोटं तिथल्या तिथे कळलं असतं. पण घरातल्या माणसाचं म्हणणं तांदळाने तपासायचं, हे कोणाला सुचावं?

मग रमजान आला. शबनमला तहान लागायची. इफ्तारला ती खजूर बाजूला सारून तांब्याच तोंडाला लावायची. रुमाना म्हणायची, "आपा म्हणजे पाण्याची टाकी." सगळे हसायचे. रोजा म्हटला की तहान आलीच. ती पुन्हा पुन्हा न्हाणीघरात जायची. मला ओलांडून, भिंतीला धरून. तिचा पाय माझ्या कडेला लागायचा. तो हलका झाला होता. एवढा हलका की मला भीती वाटायची, पण माझी भीती कोणत्या आकड्यावर दाखवायची?

गोदूने तिला पाहिलं. "भाभी, पोर सुकली ना."

"शरारा घालायचाय तिला," हव्वाबी म्हणाली.

"लगीन तिच्या बहिनीचा हाय का तिचा?" असं म्हणून गोदू हसली आणि पापलेट पुढे केलं. तिलाही काही कळलं नाही. कोणालाच कळलं नाही.

शेवटच्या रोज्यांत शबनमला उलट्या सुरू झाल्या. हव्वाबीने तिचा रोजा सोडवला आणि माझ्याशेजारी उभी राहून ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. हव्वाबीचं उत्तर आलं.

"वजन? नाही हो डॉक्टर, वजन तसंच आहे. काटा पोरीने मागे केला होता, त्यामुळे कमी दिसत होतं."

रुमाना समोरच बाकड्यावर मोबाइल घेऊन बसली होती. तिचा अंगठा थांबला. तोंड उघडलं, असं मला वाटलं. मग मिटलं.

उन्हामुळे असेल, असं ठरलं. अशक्तपणाला पनवेलमध्ये सगळे देतात तेच दिलं: ग्लुकोजचं पाणी. ते रुमानाने केलं. कधी बहिणीचा पेला न उचलणारी मुलगी, पण त्या दिवशी पेल्यामागून पेला ढवळून नेत होती. चमचा पेल्याला लागून किणकिणायचा. "घे आपा, अजून घे," म्हणायची. मित्रांनो, ज्या रोगात साखरेचा घोटही घातक, त्या रोगात ती बहिणीला प्रेमाने साखर पाजत होती. आयुष्यभराची भांडणं एका दुपारी फेडायची असल्यासारखी.

पहाटे फजरच्या अजानला शबनमला चादरीत घेऊन खाली नेलं. दवाखान्यातल्या यंत्रात साखरेचा आकडा मावला नाही, असं नंतर बोळात कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं. मधुमेह. एवढ्या लहान वयात होतो तो, अचानक येणारा. आधी कळला असता तर इंजेक्शनं घेऊन ती शंभर वर्षं जगली असती, असंही तो माणूस म्हणाला. माझ्यावर बायकांच्या चपलांचा ढीग पडला होता. त्या दिवशी मी फक्त चपला तोलल्या.

इक्बाल आला. या वेळी त्याच्या बॅगेत काही नव्हतं, आणि जाताना ती कोणी तोलली नाही.

शबनमचा चाळिसावा दिवस झाला. त्यानंतर एका दुपारी हव्वाबी तांदळाची पिशवी घेऊन बोळात आली. पाच किलोची, शिवण न उसवलेली. तिने ती माझ्यावर ठेवली. मी सात दाखवले. ती उकिडवी बसून त्या सातकडे खूप वेळ पाहत राहिली. म्हणजे शरारा आणून इक्बाल गेला तेव्हापासून चाकाला कोणाचा हात लागलेला नव्हता. म्हणजे जे किलो काट्याचे म्हणून सोडून दिले, ते शबनमचे होते. हव्वाबी वजाबाकीत पक्की आहे. तिने पिशवी उचलून परत फळीवर ठेवली आणि कोणाला काही बोलली नाही.

शेजारची इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. खांब ठोकायचं यंत्र सुरू झालं की जमीन हादरते आणि माझी सुई थरथरते. एकदा रुमानाने ते पाहिलं. माझ्यावर कोणी नव्हतं आणि सुई हलत होती.

"आपा?" ती म्हणाली.

यंत्र थांबलं, सुई थांबली. पण त्यानंतर रुमाना रोज दुपारी येऊन समोर बसू लागली. सुई हलली की हळूच बोलायची. "भांडायला आलीस ना? भांड." कधी म्हणायची, "शरारा मी नाही घातला. कपाटात आहे, जाऊन बघ."

मी यंत्र आहे, मित्रांनो. माझ्यावर जे ठेवाल ते मी सांगतो. न ठेवलेलं सांगायची माझी जात नाही. तरी एक गोष्ट मला खोडता येत नाही. रविवारी ते खांबांचं यंत्र बंद असतं. एका रविवारी घरात सामसूम होती आणि माझ्या रबराला गारवा लागला. दोन तळव्यांएवढा, ओला. सुई जागची हलली नाही, पण मी दाबला गेलो. नळ गळत असेल. स्प्रिंग थकली असेल. माझं वयही झालंय. तो गारवा कोणत्या खात्यावर मांडायचा ते मला अजून कळलेलं नाही.

रुमाना आता माझ्यावर चढू लागली होती. चढायची, सुई पाहायची, उतरायची. ताटातला भात मांजराला जायचा. सुई हळूहळू खाली येत होती, आणि ती कुठे निघाली आहे हे मी ओळखलं. शबनम माझ्यावर शेवटची उभी राहिली, त्या आकड्याकडे. रुमानाला तिथपर्यंत जायचं होतं. आणि त्याच्याही पुढे, जिथपर्यंत शबनम मला न सांगता गेली होती तिथे. मी दुसऱ्यांदा खरं दाखवत होतो आणि दुसऱ्यांदा कोणी बघत नव्हतं.

उरणची पुढे ढकललेली शादी जवळ आली. खालाने फोन करून बजावलं, पोरीला घेऊनच ये. हव्वाबीने शरारा काढला आणि उजेड बरा म्हणून रुमानाला बोळात उभं केलं. तोंडात टाचण्या धरून ती खाली बसली. एक टाचणी लावली, दुसरी लावली. कंबर आवळूनही शरारा खाली घसरत होता. जो तिला चपखल बसला होता, तो.

हव्वाबीने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"चढ काट्यावर."

"नको, अम्मी."

"चढ म्हणते ना."

ती चढली. जरीसकट. हव्वाबीने आकडा पाहिला आणि सवयीने विचारलं, "काटा अब्बांचा आहे की आपला?"

रुमाना माझ्यावरच मटकन बसली. "मला नाही माहीत. तेव्हाही नव्हतं माहीत." मग बांध फुटल्यासारखं बोलली. "मी चाकाला हात लावला नव्हता, अम्मी. आपा खूश झाली होती ना, ते मला बघवलं नाही. तू डॉक्टरांना सांगितलंस तेव्हा मी तिथेच होते. मी बोलले नाही. मी आपाला मारलं."

हव्वाबीने तिला माझ्यावरून उठवून जवळ घेतलं आणि आधारासाठी एक हात माझ्यावर टेकला. तो हात जड होत गेला. माझी सुई पुढे पुढे सरकत राहिली. एका हातात एवढा भार असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग हात एकदम सैल पडला आणि हव्वाबी अगदी रोजच्या आवाजात बोलली.

"चाक मी फिरवलं होतं."

रुमानाने मान वर केली. "कधी?"

"पाहुणे गेल्यावर. आपा रोज चढायची, त्याच दिवसांत. दर वेळी फिरवते तसं."

"पण तू तर म्हणालीस, राहिलं होतं."

"पिठाचे हात होते, काहीतरी बोलून गेले. नंतर आठवलं मला." हव्वाबीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "खोटं बोलायला गेलीस आणि खरं बोलून बसलीस, काटा मागे झालाच होता. तुला एक काम धड जमत नाही."

"खरंच, अम्मी?"

"आईला तपासतेस? आणि त्या काट्यामुळे काही झालंच असेल, तर तो फिरवणारी मी. डॉक्टरांशी बोलणारी मी. तू नववीतली पोर, तुझा काय संबंध? ऊठ. तो शरारा काढ आणि चप्पल घाल."

मित्रांनो, चाक कोणीही फिरवलं नव्हतं. हे मला माहीत आहे आणि तांदळाची पिशवी ठेवून पाहिलेल्या हव्वाबीलाही माहीत आहे. या बोळात एका खोट्याने एक मुलगी गेली आणि दुसऱ्या खोट्याने दुसरी राहिली. मी आयुष्यभर हिशेब जुळवत आलो, पण ही दोन खोटी मला समोरासमोर मांडता येत नाहीत. पहिलं बोलायला काही लागलं नव्हतं. दुसऱ्याचं ओझं हव्वाबी रोज उचलते.

त्याच दुपारी तिने रुमानाला रक्त तपासायला नेलं. साखर ठीक निघाली. पोटात अन्न नव्हतं, तेवढंच. संध्याकाळी रुमानाने भाकरी खाल्ली. अर्धी. दुसऱ्या दिवशी एक. आईच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला का? सगळा बसला नसावा. पण जगायला पुरेल एवढा बसला.

आता दुपारी रुमाना शाळेत असते तेव्हा हव्वाबी येऊन माझ्यासमोर बसते. माझ्यावर चढत नाही. सुई थरथरली की डोळे मिटून घेते. आम्ही दोघं एकच गोष्ट जाणतो, म्हणून एकमेकांकडे बघायचं टाळतो.

माझं आता काय, आज ना उद्या भंगारात जाईन. जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातलं कोणी भराभर उतरत असेल, सारखं पाणी मागत असेल, थकून भिंत धरत असेल, तर काट्याला, उन्हाला किंवा उपासाला नावं ठेवत बसू नका. बोटातला एक थेंब तपासायला वेळ लागत नाही. आणि भावंडांशी भांडू नका असं मी कशाला सांगू? तुम्ही ऐकणारही नाही. खुशाल भांडा. पण बहीण एखाद्या संध्याकाळी ओल्या पायांनी धावत येऊन म्हणाली, "बघ, मी कशी बारीक झाले," तर जळायचं असेल तर जळा. आधी तिच्याकडे नीट बघा, मग जळा.